स्वतःचा ट्रक, सीमेपार माल: अथॉरिटी आपली की कंपनीची? (कॅनडा–अमेरिका)

डिझेलदास

विषय ओंटारियोतून अमेरिकेत जाणाऱ्या मालापुरता ठेवू. एझेड (ओंटारियोचा जड ट्रकचा) परवाना आहे, कंपनीच्या ट्रकवर दोन-तीन वर्षं सीमेपार फेऱ्या झाल्यात आणि आता स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचाय, असा माणूस डोळ्यांसमोर धरा. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. ट्रक घेऊन तो एखाद्या कंपनीला लीजवर लावायचा आणि त्यांच्या नंबरांवर, त्यांच्या विम्यावर, त्यांचेच लोड ओढायचे; किंवा पहिल्या दिवसापासून स्वतःचा सीव्हीओआर (ओंटारियोची ट्रकमालकाची नोंदणी), स्वतःची अमेरिकन अथॉरिटी (भाड्याने माल वाहण्याचा परवाना) काढून लोडबोर्डवरून (लोडच्या ऑनलाइन फलकावरून) माल उचलायचा.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. लोडबोर्डवर मैलामागे दिसणारा दर आणि कंपनी ओनर-ऑपरेटरला, म्हणजे स्वतःचा ट्रक लावणाऱ्याला, देते तो दर यांत चांगलंच अंतर असतं. मधला हिस्सा दुसऱ्याला का द्यायचा? जाणकारांनी खोडून काढावं.

टोलनाका

अठरा चाकं आणि अठराविश्वे दारिद्र्य यांत एकाच दराचं अंतर असतं, तो दर विम्याचा. बाकीचं नंतर बोलू.

कागदोपत्री

टोलनाक्यांनी थट्टेत मुद्द्याचंच सांगितलं. क्रम उलटा होतो तिथेच लोक फसतात. आधी ट्रक, मग नंबर, मग विमा असं करू नका. पहिला फोन विमा दलालाला करायचा. सीमेपार अनुभव किती वर्षांचा, ड्रायव्हर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (परवान्यावरच्या गुन्ह्यांची नोंद) स्वच्छ आहे का, कोणत्या राज्यांत जाणार, माल कोणता, एवढ्यावर तो सांगेल की पॉलिसी मिळते की नाही. नव्या कंपनीला नकार मिळणं नवलाचं नाही. अमेरिकेत साध्या मालासाठी कायद्याने साडेसात लाख डॉलरची लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) लागते, पण प्रत्यक्षात लोडचे ब्रोकर (ट्रकला माल मिळवून देणारे दलाल) दहा लाखांची लायबिलिटी आणि एक लाखाचा कार्गो विमा असल्याशिवाय बोलतच नाहीत.

पॉलिसी मिळतेय असं कळल्यावर पुढचं, साधारण या ओळीने:

कंपनी नोंदवून बिझनेस नंबर. मग ओंटारियोचा सीव्हीओआर. पहिल्यांदा काढणाऱ्याला लेखी चाचणी द्यावी लागते. मग अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा यूएसडॉट नंबर आणि त्याच अर्जात एमसी म्हणजे ऑपरेटिंग अथॉरिटी, शुल्क ३०० अमेरिकन डॉलर. अथॉरिटी ‘अ‍ॅक्टिव्ह’ व्हायला दोन गोष्टी बाहेरून पोचाव्या लागतात: विमा कंपनीने स्वतः भरलेलं बीएमसी-९१ किंवा ९१एक्स (विम्याचा पुरावा), आणि बीओसी-३, म्हणजे राज्याराज्यांत तुमच्या वतीने कोर्टाची नोटीस घेणाऱ्या एजंटांची यादी. बीओसी-३ करून देणाऱ्या सेवा आहेत, एकदाच थोडे पैसे लागतात. त्यानंतर यूसीआरची (आंतरराज्य वाहतूकदारांची) वार्षिक नोंदणी.

सीमेसाठी वेगळे नंबर. अमेरिकेकडे जाताना चार अक्षरी स्कॅक कोड (वाहतूकदाराची ओळख), तो दरवर्षी नूतनीकरण करायचा, आणि एसीई या अमेरिकन कस्टम्सच्या पोर्टलचं खातं. परत येताना सीबीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या सीमा खात्याचा, कॅरियर कोड. प्लेटा आयआरपीच्या, म्हणजे प्रत्येक राज्यातल्या मैलांच्या प्रमाणात शुल्क वाटलं जातं. इंधनकरासाठी इफ्टाचं लायसन्स आणि दोन स्टिकर. शिवाय हेवी व्हेइकल यूज टॅक्सचा फॉर्म २२९०: ७५,००० पौंडांवरच्या गाडीला वर्षाला ५५० अमेरिकन डॉलर, वर्ष १ जुलै ते ३० जून. ऑनलाइन भरायला ईआयएन (अमेरिकेचा करदाता नंबर) लागतो आणि कॅनडात बसून तो मिळायला वेळ जातो, म्हणून हे काम आधी सुरू करा.

न्यूयॉर्क, केंटकी, न्यू मेक्सिको, ऑरेगॉन आणि कनेटिकट या राज्यांचे मैलांवरचे वेगळे कर आहेत. तिथे जाणारच असाल तर त्यांची खाती आधी उघडा. बफेलोमार्गे जाणाऱ्याला न्यूयॉर्क टळत नाही.

मीठभाकर

हे वाचून ट्रकऐवजी फाइलींचं कपाट घ्यावंसं वाटतंय.

हिमवाट

कपाटात आणखी एक फाइल ठेवा: औषधं आणि दारूची चाचणी. अमेरिकेत चालवणाऱ्या कॅनडियन ड्रायव्हरलाही त्यांचे नियम लागू होतात. कंपनीला लीजवर असाल तर कंपनीच्या यादीतून तुमचं नाव रँडम पद्धतीने निघतं. स्वतःची अथॉरिटी असेल तर मालक नि ड्रायव्हर दोन्ही तुम्हीच, त्यामुळे एखाद्या कन्सोर्टियममध्ये (अनेक मालकांच्या सामाईक चाचणी-यादीत) सामील व्हावं लागतं आणि क्लिअरिंगहाउसमध्ये (चाचण्यांच्या अमेरिकन सरकारी नोंदवहीत) दोन्ही भूमिकांत नोंद करावी लागते. सध्या वर्षाला यादीतल्या ५० टक्क्यांची औषधांसाठी आणि १० टक्क्यांची दारूसाठी चाचणी होते. ऑक्टोबर २०१८पासून कॅनडात गांजा कायदेशीर आहे म्हणून इथे काही सूट नाही. चाचणीत आला की काम बंद, आणि सीमेवर अधिकाऱ्यासमोर बोललात तर प्रवेशच कायमचा धोक्यात.

नव्या अथॉरिटीचं पहिल्या बारा महिन्यांत सेफ्टी ऑडिट होतं. चाचणीची व्यवस्थाच नसणं हे आपोआप नापास होण्याच्या कारणांपैकी एक. डिझेलदास, तुमच्या दोन वाटांतला हा पहिला खरा फरक. लीजवर हे सगळं दुसरा सांभाळतो. त्याचेच पैसे तो कापतो.

डिझेलदास

हे मान्य. पण कागद एकदाच करायचे असतात, दराचा फरक प्रत्येक मैलाला पडतो. उत्पन्नाच्या बाजूने कुणी बोललंच नाही.

हिशेबनीस

बोलू या. लोडबोर्डवरचा दर भरलेल्या मैलाचा असतो. चाकं रिकाम्या मैलांवरही फिरतात.

समजा महिन्याला ९,००० मैल होतात, त्यातले १५ टक्के म्हणजे १,३५० रिकामे. भरलेले उरले ७,६५०. दर २.४० डॉलर धरला तर १८,३६० डॉलर आले. सगळ्या मैलांवर भागा: २.०४. म्हणजे बोर्डवर २.४० दिसला तेव्हाच ३६ सेंट गेले. रिकामे मैल २५ टक्के झाले तर तोच दर १.८० होतो. लीजवर बहुतेक ठिकाणी भरलेल्या-रिकाम्या दोन्ही मैलांचे पैसे मिळतात, त्यामुळे तुलना कंपनीच्या दराची नि २.४०ची नाही, कंपनीच्या दराची नि २.०४ची आहे. त्या २.०४तून अजून विमा, प्लेटा, ट्रेलरचं भाडं, फॅक्टरिंग जायचंय.

फॅक्टरिंग म्हणजे काय तर ब्रोकर पैसे देतो ३० ते ४५ दिवसांनी आणि डिझेल आजच भरायचं असतं. बिल विकून लगेच रोकड घेतली की दोन-चार टक्के गेले. सुरुवातीला किमान दोन महिन्यांचं डिझेल, हप्ता आणि विमा एवढी रक्कम हाताशी नसेल तर स्वतःच्या अथॉरिटीचा विचार डोक्यातून काढा. धंदा तोट्यात गेला म्हणून बंद पडतो असं नाही, बिलं वसूल होण्याआधी खिसा रिकामा होतो.

डिझेलचं: साडेसहा मैल प्रति अमेरिकन गॅलन धरले तर ९,००० मैलांना १,३८५ गॅलन, म्हणजे ५,२४० लिटरच्या आसपास. तोच ट्रक ७ देऊ लागला तर १,२८६ गॅलन. महिन्याला ९९ गॅलन वाचले, ३७५ लिटर. हे वेग ताशी पाच मैलांनी कमी ठेवून, टायरची हवा तपासून आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवून मिळतं.

घाटवळण

हिशेबनीस, एक दुरुस्ती. लीजवर सगळ्या मैलांचे पैसे मिळतात, पण मैल कोणते ते विचारा. ‘प्रॅक्टिकल’ मैल म्हणजे ट्रकला जाता येईल असा खरा रस्ता, ‘शॉर्ट’ मैल म्हणजे नकाशावरचा आखूड. ओडोमीटर शॉर्ट मैलांपेक्षा नेहमीच जास्त दाखवतो, आणि वर्षभरात काही हजार मैल फुकट चालवले असं निघतं. दर चार सेंटांनी जास्त देणारी कंपनी शॉर्ट मैल मोजत असेल तर ती कदाचित कमीच देते.

हिशेबनीस

बरोबर, हे राहिलं होतं.

मीठभाकर

इफ्टा कुणी मराठीत समजावेल का? जिथे स्वस्त तिथे डिझेल भरायचं, एवढंच ना?

हिशेबनीस

तेवढंच नाही. इफ्टात कर तुम्ही भरता कुठे यावर नाही, जाळता कुठे यावर लागतो. तिमाहीला एकूण मैल भागिले एकूण गॅलन, हे झालं सरासरी मायलेज. ओहायोत १,३०० मैल झाले आणि मायलेज ६.५, तर तिथे २०० गॅलन जाळले असं धरतात. तिथल्या पंपावर १२० भरले असतील तर ८० गॅलनांचा कर बाकी. ओहायोचा डिझेल कर गॅलनला ४७ सेंट, म्हणजे ३७.६० डॉलर देणं. दुसऱ्या राज्यात जास्त भरलं असेल तर तिथून तेवढं परत जमा.

म्हणून पंपाच्या पाटीवरचा भाव बघायचा नाही. त्यातून त्या राज्याचा कर वजा करायचा आणि उरलेल्या भावांची तुलना करायची. कर कमी असलेल्या राज्यात पाटी स्वस्त दिसते आणि तिमाहीअखेर तो फरक इफ्टा तुमच्याकडून काढून घेतो.

विवरणाच्या तारखा: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. पावत्या नि मैलांच्या नोंदी चार वर्षं ठेवायच्या. फक्त ईएलडीवर, म्हणजे चालवण्याचे तास नोंदणाऱ्या यंत्रावर, विसंबू नका. यंत्र बदललं की जुना डेटा जातो, त्याची प्रत आधीच काढून ठेवा.

गॅरेजकट्टा

दोन वाटांची चर्चा चालू द्या, ट्रक मात्र दोन्हीकडे लागतो. जुना घेत असाल तर दिखाऊ क्रोम बघू नका, हे बघा.

इसीएममधून (इंजिनाच्या संगणकातून) रिपोर्ट काढायला लावा. मैलांच्या जोडीला इंजिनाचे एकूण तास आणि आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) टक्केवारी बघा. लांब पल्ल्याच्या गाडीत तासांनी मैलांना भागलं की ४०च्या खाली आलं तर ती उभी राहून झिजलेली आहे. आयडलमध्ये एक्झॉस्ट तापत नाही, काजळी साचते, डीपीएफ (काजळीचा फिल्टर) आणि ईजीआर (धूर इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) लवकर मरतात.

एक्झॉस्टच्या टोकाला आतून पांढरं फडकं फिरवा. डीपीएफ असलेल्या गाडीत ते जवळजवळ स्वच्छ निघायला हवं. काळंकुट्ट आलं तर फिल्टर तडकलाय किंवा आतला मसाला काढून टाकलाय. काढलेली गाडी घेऊ नका, सीमेच्या दोन्हीकडे बेकायदा आहे.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. सोडियम-पोटॅशियम वाढलेलं म्हणजे कूलंट आत येतोय, सिलिकॉन म्हणजे धूळ, शिसं नि तांबं म्हणजे बेअरिंगं. कूलंटच्या टाकीत गाडी तापल्यावर बुडबुडे येत असतील तर ईजीआर कूलर किंवा हेड गॅस्केट. क्रँककेसचा दाब मोजून घ्या, ऑइलचं झाकण काढून धूर बघणं ही चाचणी नव्हे.

आणि ओंटारियोत पीपीएसएचा (तारण-कर्जांच्या नोंदींचा) शोध घ्या. ट्रकवर जुनं कर्ज असेल तर ते ट्रकबरोबर तुमच्या दारात येतं.

हिमवाट

गॅरेजकट्टांच्या यादीत हिवाळा घाला. टेनेसीत भरलेलं डिझेल ओंटारियोच्या थंडीत मेणासारखं गोठतं, कारण दक्षिणेत थंडीचं मिश्रण विकतच नाहीत. उत्तरेकडे निघताना टाकी अर्धी ठेवून वाटेत थंडीचं डिझेल मिसळायचं, आणि अँटी-जेल गारठा पडण्याआधी टाकायचं. गोठल्यावर टाकून उपयोग नाही. डीईएफ (एक्झॉस्ट स्वच्छ करणारं द्रव) उणे ११ अंशाला गोठतं, ते चालतं, टाकीला हीटर असतो. हीटर बिघडला तर मात्र इंजिन ताकद कमी करत नेतं आणि शेवटी गाडी रांगायला लागते. एअर ड्रायरचं काडतूस थंडीआधी बदला, नाहीतर ब्रेकच्या नळ्यांत पाणी गोठतं.

गॅरेजकट्टा

आणि चाकं. नट ४५० ते ५०० फूट-पौंड, चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क. ओंटारियोत चाक निखळून पडलं तर ‘मी काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही, दंड ५०,००० डॉलरपर्यंत.

रानपाखरू

प्रश्न विचारू का? कॅनडाचा पीआर (कायम रहिवासी) आहे, पासपोर्ट भारतीय. परवाना नि अनुभव असला तरी सीमेपार जाता येईल का?

कागदोपत्री

परवाना पुरतो, ओंटारियोचा एझेड अमेरिकेत मान्य आहे, वेगळा सीडीएल (अमेरिकन ट्रक परवाना) लागत नाही. मात्र परवान्यावर ‘डब्ल्यू’ ही वैद्यकीय मर्यादा असेल तर गाडी कॅनडातच चालवायची. व्हिसा लागतो: बी१/बी२, आणि मुलाखतीची तारीख लांबची मिळू शकते, म्हणून ट्रकच्या हप्त्याआधी व्हिसा. नागरिकत्व मिळालं की ही कटकट संपते. फास्ट कार्ड (आधीच तपासलेल्या ट्रकचालकांचं सीमेचं ओळखपत्र) पीआरनाही मिळतं, शुल्क ५० अमेरिकन डॉलर, पाच वर्षांसाठी. पण फास्टची लेन फक्त कार्डावर मिळत नाही. अमेरिकेत जाताना कॅरियर आणि आयातदार दोघंही सी-टीपॅटमध्ये (अमेरिकन कस्टम्सच्या सुरक्षा कार्यक्रमात) असावे लागतात. नव्या अथॉरिटीला ती लेन लांबच.

आणखी एक. २५ जून २०२५पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता आलं नाही किंवा रस्त्यावरच्या पाट्या समजल्या नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात. फोनवरचं भाषांतराचं अ‍ॅप चालत नाही.

घाटवळण

रानपाखरू, व्हिसावर काय करता *येत नाही* ते आधी पाठ करा. अमेरिकेत एका ठिकाणी भरून अमेरिकेतच दुसरीकडे उतरवायचा माल ओढता येत नाही. कॅनडा ते अमेरिका चालतं, अमेरिका ते कॅनडा चालतं. रिकामा ट्रेलर एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर तो एकतर तुम्ही आत आणलेला असावा किंवा तुम्हीच बाहेर नेणार असावा. तिसऱ्याचा रिकामा ट्रेलर ‘जाता जाता’ हलवून देणं हे मदत वाटतं, इमिग्रेशनला काम वाटतं. डिस्पॅचर आग्रह करेल. व्हिसा त्याचा जात नाही.

डिझेलदास, हाच मुद्दा तुमच्या हिशेबालाही लागू. शिकागोत माल उतरला आणि परतीचा लोड इंडियानापोलिसहून असला तर मधले १८० मैल रिकामेच जायचे, बोर्डवर मधला लोड कितीही गोड दिसला तरी. अमेरिकन ट्रकवाला ते मैल भरून जातो. म्हणून कॅनडियनाचे रिकामे मैल हिशेबनिसांच्या १५ टक्क्यांवर ठेवायला परतीचा माल आधी बांधलेला लागतो. तो कंपनीकडे करारात असतो. बोर्डवर तो शोधावा लागतो.

डिझेलदास

हा फटका बसला. परतीच्या लोडचा विचार केलाच नव्हता असं नाही, पण इतका सोपा समजत होतो.

टोलनाका

सीमेवर काय बिनसतं ते लिहा कुणीतरी. नंबर काढून झाले, गाडी सीमेच्या पुलाजवळ आली, आता?

कागदोपत्री

उत्तरेकडून दक्षिणेला असा क्रम: माल उचलताना बिल ऑफ लेडिंगवर (मालाच्या पावतीवर) पॅप्सचं, म्हणजे त्या मालाच्या कस्टम्स नंबराचं, बारकोड स्टिकर लावायचं. ते आणि कमर्शियल इन्व्हॉइस आयातदाराच्या कस्टम्स ब्रोकरला पाठवायचं, सोबत कोणत्या पुलावरून, किती वाजता. (लोडचा ब्रोकर वेगळा, कस्टम्स ब्रोकर वेगळा. नव्या माणसाचे निम्मे फोन चुकीच्या ब्रोकरला जातात.) ब्रोकर एंट्री टाकतो. तुम्ही एसीईत मॅनिफेस्ट (गाडीतल्या मालाची यादी) टाकता, पोचण्याच्या किमान तासभर आधी. मग पोर्टलवर तुमच्या पॅप्सपुढे एंट्री दिसते का ते बघायचं. दिसत नाही तोवर पुलाच्या रांगेत घुसू नका, अलीकडेच थांबा. रांगेतून मागे फिरता येत नाही.

बिनसतं ते असं: एक, पॅप्सचा अंक एकाने शून्य वाचला, दुसऱ्याने ओ. दोन, नगांची संख्या. एसीईला पॅलेट नकोत, सर्वांत लहान बाहेरचं पॅकिंग हवं. बिलावर २२ पॅलेट, इन्व्हॉइसवर १,०५६ खोकी. मॅनिफेस्टमध्ये २२ लिहिलं की ताळमेळ तुटला. तीन, पूल बदलला. ब्लू वॉटर पुलावर रांग म्हणून अ‍ॅम्बॅसेडरकडे वळलात तर मॅनिफेस्टमधलं पोर्ट बदला आणि ब्रोकरला कळवा. चार, सील. कस्टम्सने तपासणीसाठी तोडलं तर नवं सील लावून त्याचा नंबर बिलावर लिहून घ्या. नाहीतर माल उतरवणारा गोदामवाला ट्रेलर परत पाठवेल आणि क्लेम तुमच्या नावावर.

परतीला तेच कॅनडाच्या एसीआय (मॅनिफेस्ट) आणि पार्सने (बारकोड), इथेही तासभर आधी. २१ ऑक्टोबर २०२४पासून सीबीएसएची कार्म (आयातकर भरण्याची) पद्धत चालू आहे, आयातदाराला आपली हमी स्वतः ठेवावी लागते. त्याने ती ठेवली नसेल तर माल अडकतो आणि उभा राहता तुम्ही. नव्या गिऱ्हाइकाचा माल घेण्याआधी एवढं विचारून घ्या.

मीठभाकर

डब्याचं काय?

घाटवळण

जे असेल ते सांगून टाकायचं. सांगितलेलं जप्त होतं, लपवलेल्याला दंड होतो आणि फास्ट कार्ड जातं. ताजा कढीपत्ता नेऊ नका, लिंबाच्या कुळातला आहे, लिंबू-संत्र्याच्या रोगाच्या भीतीने काढून घेतात. फोडणी घरीच करून न्या.

टोलनाका

फोडणीसाठी मॅनिफेस्टमध्ये नग किती लिहायचे?

हिमवाट

तासांचा घोळ राहिलाय. कॅनडात दिवसाला १३ तास चालवता येतं, अमेरिकेत ११, आणि तिथे ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची. ज्या देशात चाकं, त्याचा नियम. पण सीमा ओलांडताना मागचा हिशेब सोबत येतो. कॅनडात १२ तास चालवून पुलावर आलात तर अमेरिकेत एक मैलही जाता येत नाही, दहा तास थांबा. थंडर बेकडून खाली येणाऱ्यांचं हे हमखास चुकतं. आठवड्याचा रीसेटही (तासांचा हिशेब शून्यावर आणणारी सलग विश्रांती) वेगळा: कॅनडात सायकल एकला, म्हणजे सात दिवसांच्या हिशेबाला, ३६ तास, अमेरिकेत ३४. ३६ घेतला की दोन्हीकडे चालतं.

वैयक्तिक वापरासाठी गाडी न्यायची तर कॅनडात दिवसाला ७५ किलोमीटर, तेही ट्रेलर सोडून. अमेरिकेत अंतराचा आकडा नाही, पण लोडच्या दिशेने पुढे सरकलात तर ते काम धरतात. आणि ईएलडी कॅनडात प्रमाणित नि अमेरिकेत नोंदलेलं, दोन्ही हवं. स्वस्तातलं यंत्र बहुधा एकाच यादीत सापडतं.

गॅरेजकट्टा

वजनही. ओंटारियोत जे सहज चालतं ते पुलापलीकडे चालत नाही. अमेरिकेत आंतरराज्य रस्त्यावर पाच धुऱ्यांना एकूण ८०,००० पौंड. पुढे व्यवहारात १२,०००, ड्राइव्हला (ट्रॅक्टरच्या मागच्या जोडधुऱ्यांना) ३४,०००, ट्रेलरला ३४,०००. एकूण ७८,००० असूनही ट्रेलरच्या धुऱ्यांवर ३५,२०० भरले तर दंड होतोच. ट्रेलरची टँडम (धुऱ्यांची जोडी) मागे सरकवली की त्यांच्यावरचा भार ड्राइव्हकडे जातो. भरल्यावर पहिल्याच काट्यावर तोला, सत्तर मैलांनंतर नव्हे.

रानपाखरू

कराचं कुणी सांगाल? इन्कॉर्पोरेट व्हायचंच का?

हिशेबनीस

स्वतःचा ट्रक असेल तर कंपनी काढणं रास्त. ट्रक दुसऱ्याचा आणि फक्त ड्रायव्हरच्या नावाने कंपनी, हा जो ‘ड्रायव्हर इंक’ प्रकार आहे त्यात पडू नका. सीआरए (कॅनडाचं करखातं) त्याला पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस, म्हणजे कंपनीच्या आडून नोकरी, धरतं, छोट्या धंद्याची करसवलत जाते आणि बहुतेक खर्च वजाही करता येत नाहीत.

सीमेपार मालवाहतूक एचएसटीत (विक्रीकरात) शून्य दराची आहे. म्हणजे बिलावर कर लावायचा नाही, पण डिझेल, टायर, दुरुस्ती, ट्रकची खरेदी यावर इथे भरलेला एचएसटी परत मागता येतो. त्यासाठी नोंदणी हवी. पहिल्या दिवशीच करा, ट्रक घेण्याआधी. ट्रॅक्टरला घसारा क्लास १६चा, ४० टक्के. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला जेवणाच्या खर्चाची ८० टक्के वजावट मिळते, इतरांना ५०.

डिझेलदास

सगळं वाचून मूळ प्रश्नावर येतो. दराच्या फरकावर जी मांडणी केली होती ती टिकत नाही. रिकामे मैल, परतीचा लोड, विमा आणि उधारी धरली तर पहिलं वर्षभर लीजवर लावणं शहाणपणाचं दिसतं. शिवाय नव्या एमसीला कित्येक ब्रोकर पहिले काही महिने लोडच देत नाहीत, हेही खरं. मग आता प्रश्न बदलतो: लीजच्या करारात काय बघायचं?

घाटवळण

होल्डबॅक (कंपनी राखून ठेवते ती रक्कम) किती आणि करार संपल्यावर किती दिवसांत परत, ही तारीख लेखी घ्या. ‘हिशेब पूर्ण झाल्यावर’ असं लिहिलं असेल तर सही नाही. सोडायची नोटीस किती दिवसांची, आणि ती दोघांना सारखीच का. विम्याची कपात महिन्याला किती, आणि अपघातात डिडक्टिबल (विम्याआधी खिशातून जाणारी रक्कम) तुमच्यावर किती. डिटेन्शनचे (माल चढवता-उतरवताना खोळंबल्याचे) पैसे, दोन तास फुकटचे गेल्यानंतरचे, तुम्हाला किती टक्के. टोल, पुलाचा कर, तराजूची पावती कुणाकडे. इफ्टाची कपात रोज अंदाजाने कापतात की तिमाहीच्या खऱ्या आकड्याने. अंदाजाने असेल तर फरक परत देतात का. ट्रेलरचं नुकसान कोण ठरवतं. ट्रेलर उचलताना चारी बाजूंचे फोटो तुमच्याकडे असू द्या.

आणि फ्युएल सरचार्ज, म्हणजे डिझेलच्या भावापोटीचा वरचा आकार. गिऱ्हाइकाकडून तो कंपनीला मिळतो. तुमच्यापर्यंत किती येतो ते बघा.

हिमवाट

लीज-टू-ओन घेऊ नका, म्हणजे कंपनीचाच ट्रक हप्त्याने आणि त्याच कंपनीचे लोड. काम कमी दिलं की हप्ता चुकतो, हप्ता चुकला की ट्रक त्यांचा. ट्रकचं कर्ज एकाकडे आणि काम दुसऱ्याकडे असावं.

डिझेलदास

आणि वर्षभरानंतर स्वतःची अथॉरिटी काढायची ठरली, तर त्या वर्षात कोणती नोंद जपायची?

कागदोपत्री

कंपनीकडून सहीचं पत्र: अमुक तारखेपासून तमुकपर्यंत, सीमेपार, इतके मैल, अपघात इतके. विमा कंपनी हेच मागते, आणि सोडून गेलेल्याला हे पत्र द्यायची कुणाला घाई नसते. चांगले संबंध असतानाच, दर सहा महिन्यांनी एक घेत चला. सोबत अमेरिकेतल्या प्रत्येक रस्त्यावरच्या तपासणीचा कागद. काहीही दोष न निघालेल्या तपासणीचा तर नक्कीच, कारण तोच सगळ्यात आधी कचऱ्यात जातो.

टोलनाका

डिझेलदास, २२९० कोण भरणार ते करारात आहे का बघा. जुलैत ट्रक रस्त्यावर आला तर मुदत ३१ ऑगस्ट, आणि शिक्का मारलेला शेड्युल १ (कर भरल्याचा पुरावा) जवळ नसेल तर सीमेवरच अडवू शकतात. कंपनी म्हणते ड्रायव्हर भरेल, ड्रायव्हर म्हणतो कंपनी.

डिझेलदास

करारात तो शब्दच नाही. उद्या विचारतो.